तगरीखालची माती

राजनंदिनी शेडगेच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र लहान होतं, वहीतून फाडलेल्या रेघांच्या कागदावर लिहिलेलं. मातीतून अजून काही बाहेर आलेलं नाही, आई खोली सोडायला तयार नाही, आम्ही किती थांबायचं, एवढंच त्यात विचारलं होतं. शेवटी लिहिलं होतं, "तुम्ही सांगाल तसं ती करेल, सर. दुसऱ्या कुणाचं ती ऐकत नाही."

हे शेवटचं वाक्य नसतं तर मी कदाचित लगेच लिहिलं असतं. माझं कोणी ऐकावं याची मला सवय नाही. जन्मभर एका कॉलेजच्या ग्रंथालयात होतो. तिथे लोक पुस्तकाचा नंबर सांगत आणि मी पुस्तक काढून देत असे. निवृत्त झाल्यावर वाशीहून रोज सकाळी कोपरखैरण्याच्या एका वाचनालयात जाऊन बसू लागलो. पुस्तकांना कव्हरं घालतो, निसटलेली पानं चिकटवतो. तिथल्या फळ्यावर अधूनमधून एक कागद लावतो. आसपासचं एखादं झाड, एखादा किडा, यांच्याविषयी पुस्तकांतून जमवलेली माहिती सुवाच्य अक्षरात लिहिलेली असते. कागदाखाली मी नाव घालत नाही. चूक निघाली तर निदान नाव तरी नको.

गेल्या पावसाळ्यात मी कण्हेरीच्या पतंगावर लिहिलं होतं. हिरव्या-गुलाबी नक्षीचा तळहाताएवढा पतंग, संध्याकाळी सुवासिक फुलांसमोर हवेत थांबून लांब सोंडेनं मध पितो. कण्हेर, तगर, सदाफुली अशा, गुरं तोंड लावत नाहीत त्या झाडांच्या पानांमागे मादी एकेक अंडं चिकटवते. अळी हिरवी, बोटाहून जाड, शेपटीला शिंग, आणि डोक्यामागे दोन निळे डोळे, जे खरे डोळे नसतात. बसताना ती डोकं आत ओढून छाती उचलून धरते. त्यावरून परदेशी पुस्तकांत तिच्या कुळाला इजिप्तच्या त्या माणसाच्या तोंडाच्या दगडी सिंहाचं नाव दिलं आहे. कोषाविषयी मी एकच ओळ लिहिली होती. कागद संपला होता.

राजनंदिनी त्याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत परीक्षेची तयारी करायची. एक दिवस ती माझ्या टेबलाशी आली आणि तो कागद मीच लिहिला का, असं तिनं विचारलं. नाकारावं असं क्षणभर वाटलं. मग तिनं सांगितलं की तशीच अळी त्यांच्या दारातल्या तगरीवर आहे, तिची आई ती सांभाळते आहे, आणि कालपासून अळीचं काहीतरी बिनसलंय. "आईला लय टेन्शन आलंय, सर. येऊन बघाल का?"

मी कुणाच्या घरी जात नाही. त्या दिवशी गेलो, कारण नाही कसं म्हणायचं ते सुचेना.

माथाडींच्या घरांची ती ओळ. एकाला एक लागून खोल्या, पुढे पायरी. शेडग्यांच्या पायरीजवळ तगर होती, माणसाहून उंच, पांढऱ्या फुलांनी भरलेली. राजनंदिनीच्या वडिलांनी, शहाजी शेडग्यांनी ती लावली होती. साताऱ्याहून येऊन त्यांनी सगळी उमर कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोण्या वाहिल्या. त्यांना जाऊन तेव्हा महिना होत आला होता.

अळीची गोष्ट मला राजनंदिनीनं वाटेत सांगितली होती. त्यांच्यात माणूस गेल्यावर तो झोपायचा त्या जागी दिवा लावतात, शेजारी ताटात पीठ पसरतात आणि वर पाटी पालथी घालतात. सकाळी पिठात काय उमटलं ते बघतात. गाईचं खूर, पाखराचा पाय, मुंगीची रांग, जे दिसेल त्या जन्माला माणूस गेला असं धरतात. दहाव्याच्या आदल्या रात्री त्यांनी पीठ ठेवलं. पाटी एका बाजूनं जरा उचललेली राहिली होती. सकाळी पाहिलं तर सगळं पीठ पंखांनी झाडल्यासारखं झालं होतं, आणि भिंतीवर, शहाजींचा शर्ट टांगलेल्या खिळ्याखाली, हिरवा पतंग बसला होता. पंखांना पीठ लागलेलं. दिवसभर तो हलला नाही. तिन्हीसांजेला उठला, तगरीभोवती दोन-चार फेऱ्या मारल्या आणि गेला. पुढच्या आठवड्यात मुक्ताबाईंना, म्हणजे राजनंदिनीच्या आईला, तगरीवर अळी दिसली.

मुक्ताबाईंनी त्या फांदीवर कांद्याची लाल जाळीची गोणी चढवून खालून सुतळीनं बांधली होती. बुलबुल टिपतात म्हणून. त्या पायरीवर बसल्या होत्या. मला पाहून पदर सारखा करत उभ्या राहिल्या आणि गुरुजी म्हणाल्या. मी गुरुजी नाही हे सांगायला तोंड उघडलं, पण त्या आधीच जाळी सोडायला लागल्या होत्या.

"काल दुपारपासनं पानाला शिवत न्हाई," त्या म्हणाल्या. "रंग बघा कसा काळवंडलाय. सारखी खाली पळतीया. मी उचलून वर ठिवती, ती फिरून खाली. त्यास्नीबी असंच झालं हुतं. आधी जेवण सुटलं."

अळी गोणीच्या तळाशी होती. तिची पाठ तपकिरी झाली होती. मी चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि मनातून सुटल्यासारखं वाटलं. मला उत्तर येत होतं. ही आजारी नाही, मी सांगितलं. हिचं खाणं पुरं झालं. कोष करायच्या आधी रंग असाच पालटतो. आता तिला झाडावरून उतरून सुक्या पानांत, मातीत शिरायचं आहे.

मुक्ताबाईंनी अळी उचलायला पुढे केलेला हात मागे घेतला. "म्हंजी तिला मातीत जायचंय, आन मी वर ठिवतीया."

मी मान हलवली.

राजनंदिनीला हसू आवरत नव्हतं. माझ्या कागदावरून तिनं एक गोष्ट ताडली होती. "सर, तगरीवर अंडी घालायला आला म्हणजे तो पतंग मादीच ना? मग आमचे आबा बाई झाले म्हणायचे."

"हुंदे की," मुक्ताबाई न हसता म्हणाल्या. "भाकऱ्या थापायची पाळी येऊ दे एकदा त्यांच्यावर."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मी येडी न्हाई गुरुजी. आळी ती आळी. पर त्या राती आमच्या दारानं ते आलं, आन आमच्याच झाडावर हे ठिवून गेलं. एवढंच हाय माजं म्हननं."

मला तर ते अगदी नेमकं वाटलं.

मी सांगितल्याप्रमाणे त्यांनी तगरीच्या बुंध्याशी माती भुसभुशीत केली, सुकी पानं गोळा करून ढीग केला. अळीला त्यावर सोडायचं ठरलं. ती मी हातात घेतली, ते माझं चुकलं. मुक्ताबाईंनी घेतली असती तर मला काही दिसलं नसतं. डोक्यामागे, डाव्या अंगाला, तांदळाच्या कणीसारखे चार-पाच पांढरे दाणे कातडीला चिकटले होते. या अळीच्या कुशीवर पांढरे ठिपके असतातच, त्यामुळे पाहणाऱ्याला वेगळं काही वाटलं नसतं. पण ठिपके कातडीत असतात. हे वर होते.

एक माशी असते. घरातल्या माशीपेक्षा जरा मोठी, केसाळ. ती अशा अळ्यांच्या अंगावर अंडी चिकटवून जाते. त्यांतून निघालेले किडे कातडीतून आत शिरतात आणि आतून खात राहतात. अळी खाते, वाढते, कोषही करते. पण कोषातून पतंग निघत नाही.

मला खात्री नव्हती. तशी खात्री मला कशाचीच नसते, आणि त्या दिवशी मी त्या नसलेल्या खात्रीच्याच आडोशाला उभा राहिलो. हातातली अळी पानांवर ठेवली. ती घाईघाईनं आत शिरली, शेपटीचं शिंग तेवढं क्षणभर दिसलं आणि पानं स्थिर झाली.

"जगंल न्हवं?" मुक्ताबाईंनी विचारलं.

मी म्हणालो, "माती हलवू नका."

हा सल्ला पुस्तकात आहे. कोष हलवू नये, उकरू नये. पण मी तो का दिला हे मला माहीत होतं. आत जे होईल ते त्यांनी पाहू नये म्हणून दिला होता. घरी आल्यावर पुस्तकं काढून चित्रं पाहिली. पांढरे दाणे तसेच होते, त्याच जागी.

गणपती आले, गेले. मी वाचनालयाच्या फळ्यावर नवा कागद लावला नाही. राजनंदिनी यायची बंद झाली. तिच्या भावानं, इंद्रजितनं, खारघरला फ्लॅट घेतला होता आणि ती तिकडे राहायला गेली असं तिच्या एका मैत्रिणीकडून, पायलकडून कळलं. मला बरं वाटलं. सगळेच गेले असतील, मी मनात म्हटलं. मग तिचं पत्र आलं. माझा पत्ता तिनं वाचनालयातून मिळवला होता. मी फोनवर बोलत नाही हे तिला माहीत होतं.

सगळे गेले नव्हते. कोपरखैरण्याची खोली विकली होती, महिनाअखेर ताबा द्यायचा होता, सामान हललं होतं. मुक्ताबाई तेवढ्या तिथे होत्या. गुरुजींनी माती हलवू नका म्हटलंय, त्या सांगत होत्या. कोष उचलून कुंडीत घालू असं इंद्रजितनं सुचवलं तेव्हा त्या त्याच्यावर धावून गेल्या. एरवी पंधरवड्यात फुटणाऱ्या कोषावर त्या रोज सकाळी पाणी शिंपडत होत्या आणि संध्याकाळी दार उघडं टाकून बसत होत्या.

पत्राचं उत्तर मी पुष्कळदा मनात लिहिलं. त्यातलं एक फार सोपं होतं. हे पतंग रात्री बाहेर येतात, पंख वाळले की उडून जातात, कुणाला पत्ताही लागत नाही; तुमचंही तसंच गेलं असणार, आता निघायला हरकत नाही. यातलं पहिलं अर्धं खरं होतं. हे लिहिलं तर त्या सुखानं उठतील आणि मुलाच्या घरी जातील. मी पेन हातात घ्यायचो, आणि मला वाटायचं की मी आजवर एकही गोष्ट ठामपणे लिहिली नाही, तर ही पहिली खोटी असावी का? मग पेन खाली ठेवायचो. असे दिवस गेले.

शेवटी ते उत्तर तोंडी द्यावं म्हणून मी निघालो. लिहिलेलं राहतं, बोललेलं विसरलं जातं, असा माझा हिशोब होता.

ओळीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता आणि इंद्रजित फोनवर कुणाशी तरी भांडत होता. याआधी टेम्पो दोनदा येऊन रिकामा परत गेला होता, असं त्यानं सांगितलं. रात्रपाळी करून तो तसाच आला होता, डोळे लाल होते. त्यानं मला बाजूला घेतलं. "काका, तुम्हीच आता काहीतरी सांगा. काहीपण सांगा. सांगा की उडून गेलं. तुमचं ऐकेल ती. मी काय तिला उचलून नेऊ का?"

मी म्हणालो की त्याचसाठी आलोय.

खोलीत चटई, स्टोव्ह, दोन भांडी आणि शहाजींचा फोटो एवढंच राहिलं होतं. फोटो खिळ्यावरून उतरवून भिंतीला टेकवला होता. दार उघडं होतं. मुक्ताबाईंनी मला चटई दिली, स्वतः उंबऱ्याशी बसल्या आणि चहा ठेवू का विचारलं. साखर खारघरला गेली होती, म्हणून बिनसाखरेचा. मी नको म्हटलं. बोलायला आलेल्या माणसानं आधी बोलावं. बाहेर तगरीवर एक माशी फिरत होती. साधी माशी असेल. मी तिच्याकडे बघत राहिलो.

मुक्ताबाईच बोलू लागल्या. आधी सांगितलं की खारघरचं घर चांगलं आहे, सातव्या मजल्यावर, हवा येते. सून समजूतदार आहे. मग काही वेळानं, मी न विचारता, दवाखान्यातलं सांगू लागल्या.

"त्या येळी पोराला ठावं हुतं. डाक्टरला ठावं. शेजारच्या सुचितालाबी ठावं हुतं. मला समदे म्हनत हुते, सुधारना हाय, तुमी घरी जाऊन जरा पडा. मी पडायला न्हाई आले. म्हनलं, सुधारना हाय तर तोंडाला चव आली आसंल, दोडक्याची भाजी भाकरी करून न्यावी. डबा भरत हुते आन फोन आला."

त्यांनी उंबऱ्यावर पडलेलं तगरीचं फूल उचलून बाजूला ठेवलं.

"इंद्रजितनं माज्या भल्यासाठीच केलं. मी त्याला कवा बोलले न्हाई. पर गुरुजी, मला कुनी सांगितलं आसतं तर मी त्या खाटंपासनं उठले नसते. दिवसरात बसले आसते. आता बी बसतीच हाय न्हवं?"

मग त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमास्नी काय ठावं हाय का?"

मी शहाजींच्या फोटोकडे पाहिलं, मग चटईच्या काड्यांकडे. जे सांगायला आलो होतो ते आता मला सांगता येणार नव्हतं, आणि जे सांगायला हवं होतं त्याला माझ्याकडे आवाज नव्हता.

"मला बोलता येत नाही," मी म्हणालो. "मी लिहून पाठवतो."

त्या रागावल्या नाहीत. मला वाटतं त्यांना तिथेच कळलं होतं. "लिवा," त्या म्हणाल्या. "पर मला लिवा, नंदीला नगं. ती मधलं गाळून वाचंल. मला वाचता येतं, चौथीपातूर शिकलीया. सावकाश वाचीन."

बाहेर इंद्रजितनं काय ठरलं ते विचारलं. मी म्हटलं, उद्या-परवा पत्र येईल. तो माझ्याकडे बघतच राहिला. "पत्र? वाशीवरनं? काका, तुम्ही चालत आलात तरी त्याच्या आधी पोचाल." मग चेहऱ्यावरून हात फिरवून त्यानं टेम्पोवाल्याला जायला सांगितलं.

त्या दुपारी मी पत्र लिहिलं. मोठ्या अक्षरात, शब्द सुटे ठेवून, जोडाक्षरं जमतील तेवढी टाळून. ते असं होतं:

"मुक्ताबाईंना नमस्कार.

तुमची अळी मातीत गेली, त्या दिवशी मी तिच्या अंगावर पांढरे दाणे पाहिले होते. ती एका माशीची अंडी होती. अशी अंडी घातली की अळी वाचत नाही. ती जाळी बांधायच्या आधी घातली असतील, किंवा जाळीतूनही. माशी लहान असते. तुमच्या हातून काही कमी झालं नाही. तुम्ही जाळी बांधली नसती तर पाखरांनी तिला कधीच नेलं असतं.

आता मातीतून पतंग येणार नाही. मला हे तेव्हाच वाटलं होतं. मी बोललो नाही. माती हलवू नका असं म्हणालो, म्हणून तुम्ही बसून राहिलात. ते मी मागे घेतो. माती उकरून बघायची असेल तर बघा. तपकिरी रंगाचा कोष असेल, वजनाला हलका, एका बाजूला भोक असेल. आत काही नसेल. बघायचं नसेल तर तसंच राहू दे. दोन्ही बरोबर आहे.

त्या रात्री आला तो पतंग जितके दिवस जगतो तितके दिवस आता होऊन गेले. तो एका झाडावर सगळी अंडी घालत नाही. एका पानावर एक, मग दुसरं झाड. तुमच्या झाडाशिवाय आणखी कुठे घातली, त्यांचं काय झालं, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नसतं.

ती पानांत शिरली तेव्हा तुम्ही तिथे होतात. तेवढं मी पाहिलं आहे."

याच्यापुढे मी एक ओळ लिहून खोडली. शहाजींच्या आत्म्याला शांती लाभो असं काहीतरी होतं. मला ते लिहायचा अधिकार नव्हता. खोडलेलं दिसू नये म्हणून सगळं पत्र पुन्हा लिहून काढलं आणि या वेळी खाली माझं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाशीच्या पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीवरच्या बाईंनी पत्ता वाचून, जवळच जायचंय, उद्या पोचेल म्हणून सांगितलं. मी तिकीट लावलं, कडा दाबून पाहिल्या, पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. श्रीमती मुक्ताबाई शहाजी शेडगे. श्रीमती हा शब्द त्यांना वाचता येईल का, त्यात जोडाक्षर आहे, असं मनात आलं. पण पाकीट तोवर पेटीत पडलं होतं.